कलम

दिल्लीत विधेयक मांडलं, त्याच्या पुढच्या सोमवारी
कोर्टाच्या कुंपणाला टेकून बसणारे आम्ही सात टायपिस्ट
एका पेपरात सात डोकी घालून होतो.
तीनशे दोन जाणार म्हणे. चारशे वीसही.
खोडके अण्णा म्हणाले, "मग लबाडाला आता म्हणायचं काय?"
हसलो. कुणीतरी चहा सांगितला.

माझी बोटं मात्र हसली नाहीत.
तेवीस वर्षं ती आकडे धरून बसलीत.
तीनशे एकोणऐंशी म्हटलं की त्यांना चोरी ऐकू येते,
चारशे अठ्ठ्याण्णवनंतरचा 'अ' उमटायच्या आधीच
समोरची बाई पदर तोंडाशी नेते.

माझा भाऊ रंगनाथ दिंडोरीकडे द्राक्षाची कलमं भरत फिरतो.
खाली रानटी खुंट, वर हवा तो वाण.
पाचर बसवायची, पट्टी आवळायची.
त्याला फोनवर सांगितलं, कायदा बदलतोय.
तो म्हणाला, "खुंट उपटणार का वरचंच बदलणार?"
मला सांगता येईना.
"मुळाला काय ठाऊक, ताई, वर कुणाचं नाव लागलंय."

अकराला पेठच्या एसटीनं ठकूबाई लिलके आली.
पोरगा काशिराम, वय एकोणीस, पहिलाच गुन्हा,
विहिरीवरच्या मोटारीची केबल.
"पेपरात आलंय म्हणं,
पहिल्या गुन्ह्याला तिसरा हिस्सा भोगला की सोडणार?"
आलंय.
"तीन वर्साचा तिसरा हिस्सा,"
तिनं पेरं मोजली,
"एक वरीस."
मग दुसऱ्या हातावर गेली.
"आन त्याला चौदा महिनं झालं."

या फूटपाथवर इतका बरोबर हिशेब
मी वकिलांकडूनही क्वचित ऐकलाय.

म्हटलं, बाई, हा अजून कायदा नाही. मसुदा आहे.
"म्हंजी?"
म्हणजे समितीकडे जाईल, बदलून येईल,
मतं पडतील, सही होईल, मग तारीख ठरेल.
"तवर?"
तोवर जुनंच. जुन्यात अर्धी शिक्षा.
अठरा महिने. राहिले चार.
छाटणीपासून खुड्यापर्यंत
द्राक्षाला लागतात तेवढे.

त्याच मसुद्यात आणखी एक ओळ होती:
पाच हजारांच्या आतली चोरी, माल परत,
तर तुरुंगाऐवजी समाजसेवा.
पंचनाम्यात केबलची किंमत सहा हजार चारशे.
दुकानातल्या नव्या केबलची असावी.
ती तर उंदरांनी कुरतडलेली होती, असं ठकूबाई म्हणते.
ही ओळ मी तिला वाचून दाखवली नाही.

अर्ज टाइप केला. तिकीट डकवलं.
तिकिटं छापतात नाशिकरोडला,
काशिरामला ठेवलंय तेही नाशिकरोडला.
पहिल्या खेपेला उंच भिंत बघून
ती प्रेसपाशीच उतरली होती,
आणि नोटा राखणाऱ्या शिपायाला
मुलाखतीची चिठ्ठी दाखवत राहिली होती.
त्यानं चांगल्या शब्दांत पुढची बस सांगितली,
हे ती दर वेळी सांगते.

अंगठा उठवून झाल्यावर म्हणाली,
"हे कातरण आत नेऊ देतील?"
नाही देणार.
"मंग पाठ करते."
मी वाचलं. ती ओठ हलवत राहिली.
दुसऱ्यांदा वाचलं. अण्णांचं मशीन थांबलं होतं.
तिसऱ्यांदा ती माझ्या पुढे गेली:
पहिला गुन्हा, तिसरा हिस्सा.
पहिला गुन्हा, तिसरा हिस्सा.

शेवटी 'मसुदा आहे' म्हणायचं, मी बजावलं.
तिनं म्हणून पाहिलं.
मुसदा. मसूद. मसुंदा.
बाकी सगळं चोख आलं,
तो एक शब्द तेवढा
तिच्या तोंडात बसेना.